माळ्यावरची डबी आणि सासूबाईंची खोली

गेल्या श्रावणातली गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता. रात्री दोनच्या सुमाराला मागच्या खोलीत काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज झाला. आम्ही दोघं धावत गेलो तर सासूबाई उंबऱ्याशी पडलेल्या! पाणी प्यायला उठल्या होत्या, अंधारात तोल गेला. दैव बलवत्तर म्हणून हाड मोडलं नाही. पण मनगट चांगलंच मुरगळलं आणि महिनाभर त्यांना वेणीसुद्धा स्वतःची घालता येईना.

कुणी पावसाला दोष दिला, कुणी उंच उंबऱ्याला. मला मात्र खरं कारण ठाऊक होतं. रोज आजीपाशी निजणारी आमची मोठी लेक त्या रात्री तिथे नव्हती. तिचं बारावीचं वर्ष. रात्री अकरा-साडेअकरापर्यंत मोबाइलवर क्लासचे तास बघायचे, वही भरायची आणि मग झोपायचं. आजीच्या खोलीत नेट येत नाही, म्हणून जूनपासून तिनं आपलं अंथरूण ओसरीवर हलवलं होतं. आणि हलवायला परवानगी मीच दिली होती!

भोरमधल्या जुन्या घरांत वावरलेल्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. पुढे ओसरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि अगदी मागे परसदाराशी एक खोली. भिंती दगडमातीच्या, हात-दीड हात जाडीच्या. उन्हाळ्यात घर कसं गारेगार! पण ओसरीतल्या राउटरची रेंज माजघरापर्यंत येते आणि तिथून पुढे दम तोडते. सासूबाईंच्या खोलीत मोबाइलवर एक काडी दिसायची, तीही मनात आलं तर.

दुकानात चौकशी केली. “बाई, नवीन मोठा राउटर घ्या, चार हजारांच्या आसपास जाईल,” असं उत्तर मिळालं. वर, “साहेबांना पाठवा, त्यांना नीट समजावून सांगतो.” तासिकेवर शिकवणाऱ्या बाईला चार हजार म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक! आणि ‘साहेबांना पाठवा’ हे तर फारच लागलं.

अडगळीतलं धन

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर जुना राउटर सापडला. आधीच्या कनेक्शनचा, दोन शिंगांची काळी डबी. भंगारवाल्याला द्यायला काढलाच होता. शाळेत सहज विषय निघाला, तेव्हा माझ्याच वर्गातला एक विद्यार्थी (इतिहासाच्या तासाला हमखास पेंगणारा!) म्हणाला, “मॅडम, टाकू नका. जुना राउटर घरातला सिग्नल पकडून पुढे देतो.” तासाला झोपणाऱ्या मुलानं मधल्या सुट्टीत मला जे शिकवलं, तेच आज सांगते आहे. मी बी.ए. इतिहासाची, मला जमलं, तर तुम्हाला नक्की जमेल.

आधी हे कसं चालतं ते पाहू. राजगडावर उभं राहिलं की समोर तोरणा स्वच्छ दिसतो. पण मधे डोंगराची सोंड आली की पलीकडचं गाव दिसत नाही. वाय-फायच्या लहरींचंही थोडंफार तसंच. जाड भिंत, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट, मोठा आरसा यांनी त्या अडतात किंवा अशक्त होतात. मग वाटेत, जिथून दोन्हीकडे पोचता येईल अशा जागी, एक निरोप्या उभा करायचा. त्यानं इकडचं ऐकायचं आणि तिकडे सांगायचं. जुना राउटर हे काम करतो.

घरांत या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात, २.४ गिगाहर्ट्झच्या आणि ५ गिगाहर्ट्झच्या. पहिल्या जरा संथ, पण भिंतीपलीकडे अधिक पोचतात. दुसऱ्या वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार खातात. जुन्या डब्या बहुधा २.४ च्याच असतात आणि आपल्या जुन्या घरांना त्याच बऱ्या.

सासूबाईंनी एक गमतीचा प्रश्न विचारला, “अगं, याला लायसन्स लागतं का?” त्यांच्या तरुणपणी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यावं लागे. मी त्यांना सांगितलं, २००५ साली केंद्र सरकारनं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. म्हणून तर घरोघरी वाय-फाय आलं.

कृती

१. डबी उलटी करून तळाची चिठ्ठी वाचा. तिथे मॉडेलचं नाव, पत्ता (१९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा), नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. अडॅप्टर मूळचाच वापरा. हरवला असेल तर डबीवर ९ व्होल्ट लिहिलंय की १२, ते पाहून नेमका तेवढ्याच व्होल्टचा घ्या. त्यावरचा अँपिअरचा आकडा डबीवरच्या आकड्याइतका किंवा जास्त हवा आणि पिनही तशीच हवी. भलताच अडॅप्टर लावला तर डबी कायमची जाते.

२. डबी चालू करा. मागे ‘रीसेट’ लिहिलेलं बारीक भोक असतं. त्यात बोथट टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. सगळे दिवे एकदम लुकलुकले की जुनं सगळं पुसलं गेलं.

३. मोबाइलचा डेटा बंद करा. (हे विसरलात तर फोन भलतीकडेच भटकतो!) वाय-फायच्या यादीत त्या डबीचं नाव दिसेल, त्याला जोडा. लॅपटॉप आणि वायर असेल तर अधिकच छान.

४. ब्राउझरमध्ये चिठ्ठीवरचा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाइप करा. पान उघडलं की सर्वांत आधी डबीचा आतला पासवर्ड बदला आणि वहीत लिहून ठेवा.

५. आता ‘ऑपरेशन मोड’ किंवा ‘वायरलेस मोड’ शोधा. ‘रिपीटर’ किंवा ‘रेंज एक्स्टेंडर’ म्हणजे वाय-फायनं घ्यायचं आणि वाय-फायनंच पुढे द्यायचं. आपल्याला बहुधा हेच हवं. ‘क्लायंट’ म्हणजे वाय-फायनं घ्यायचं आणि वायरनं एखाद्या कॉम्प्युटरला किंवा टीव्हीला द्यायचं. ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणजे वायरनं घ्यायचं आणि वाय-फायनं द्यायचं.

६. ‘स्कॅन’ किंवा ‘सर्व्हे’ दाबलं की आसपासच्या वाय-फायची यादी येते. त्यात आपलं घरचं नाव निवडा आणि घरचाच पासवर्ड घाला. आपलं नाव दिसतच नसेल, तर मुख्य राउटरमध्ये २.४ चालू आहे ना ते पाहा. नाव दिसतं पण जोडणी होत नसेल, तर तिथे सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए २’ ठेवून बघा. अगदी नव्या प्रकारची भाषा जुन्या डबीला कळत नाही.

७. दोन्ही राउटरचा पत्ता एकच असला तर गोंधळ होतो. एकाच आळीत दोन घरांना एकच नंबर दिला तर पोस्टमननं काय करावं? म्हणून जुन्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ असा करा (मुख्य राउटर १.१ असेल तर). शिवाय जुन्यातलं ‘डीएचसीपी’ बंद करा. घरातल्या प्रत्येक फोनला नंबर वाटायचं काम या डीएचसीपीकडे असतं आणि वाटणारा एकच असावा. बऱ्याच डब्या रिपीटर केल्यावर हे आपण होऊनच करतात. फार जुन्यांत हातानं करावं लागतं. नवा पत्ता चिठ्ठीवर लिहून डबीला चिकटवा, कारण पुढच्या वेळी पान त्याच पत्त्यावर उघडेल.

८. ‘सेव्ह’ करा. डबी बंद होऊन पुन्हा चालू होईल. पाच मिनिटं धीर धरा!

माझी फसगत

हे सगळं करून मी ती डबी मोठ्या विश्वासानं सासूबाईंच्या खोलीत, त्यांच्या उशापाशी ठेवली. फोनला चारही काड्या! मी आनंदानं हाक मारली. लेकीनं तास लावला आणि चक्र फिरत राहिलं ते फिरतच राहिलं. हे म्हणाले, “मी म्हटलंच होतं.” त्या रात्री मला रडूच आलं.

चूक माझीच होती. नळाला पाणीच येत नाही तिथे टाकी बसवून काय उपयोग? त्या चार काड्या डबीपासून फोनपर्यंतच्या होत्या. डबीला स्वतःला ओसरीतून काहीच मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ती उचलून माजघराच्या दाराशी, देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली. तिथे ओसरीची रेंजही बरी येते आणि मागची खोलीही समोर पडते. आणि काय सांगू, तास सुरू झाला! निरोप्याला उभं करायचं ते जिथे त्याला ऐकू येतं तिथे. सगळ्या कृतीत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

एक खरं सांगायला हवं. रिपीटरमधला वेग साधारण निम्मा होतो, कारण एकाच तोंडानं ऐकायचं आणि बोलायचं, म्हणजे पाळीपाळीनंच. आमच्याकडे ओसरीत ३० येतात, तिथे मागे १२ येतात. पण साध्या व्हिडिओ तासाला दोन-तीनही पुरतात. घरातून वायर नेता येत असेल तर वेग कमी होत नाही, तेव्हा वायर केव्हाही उत्तम.

वेल्ह्याची वेगळी तऱ्हा

माझं माहेर वेल्ह्याकडचं. कापूरहोळ, नसरापूर करत गाडी आत वळली की मोबाइलच्या काड्या एकेक करून गळू लागतात. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर आल्या, तेव्हा आमच्याकडची मुलं रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माहेरी वायरचं नेट नाही. भावाच्या फोनला रेंज येते ती फक्त माडीच्या खिडकीत, आणि भाचीचा कॉम्प्युटर खाली. फॉर्म भरायचा असला की तिची नुसती धावाधाव.

संक्रांतीला गेले तेव्हा तिथेही एक जुनी डबी कामाला लावली. फोन खिडकीत ठेवून त्याचा हॉटस्पॉट २.४ वर चालू केला आणि डबीला तो पकडायला लावला. अशा वेळी ‘डब्ल्यूआयएसपी’ हा मोड घ्यायचा. त्यात डीएचसीपी चालूच ठेवायचं आणि पत्त्यातला तिसरा आकडा फोनच्या जाळ्यापेक्षा वेगळा ठेवायचा, म्हणजे गोंधळ होत नाही. मात्र फोनचा पॅक भराभर संपतो आणि फोन चार्जिंगला लावून ठेवावा लागतो.

हीच युक्ती मोठ्या प्रमाणावरही झाली आहे. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आय.आय.टी.तल्या मंडळींनी टीव्हीसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरींवरून गावापर्यंत नेट पोचवलं आणि गावात ते वाय-फायनं वाटलं. त्यांच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला २०१७ साली मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं.

हे लक्षात ठेवा

• काही कंपन्यांच्या डब्यांत रिपीटरची सोय नसते. टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या जुन्या डब्या बहुधा अशाच. त्या वायर लावून ॲक्सेस पॉइंट म्हणून चालतात.

• जाणकार मुलं अशा काही डब्यांत ‘ओपनडब्ल्यूआरटी’ नावाची फुकट प्रणाली घालतात. पण दुसऱ्याच मॉडेलची फाइल पडली तर डबी वीट होऊन बसते. जाणकार हाताशी असेल तरच हे करा.

• जुन्या डबीत ‘डब्ल्यूईपी’ एवढीच सुरक्षा असेल तर ती वापरू नका. ते कुलूप कुणालाही उघडता येतं. शेजाऱ्यांचं वाय-फाय विचारल्याशिवाय पकडू नये, हे सांगायला नकोच.

• मायक्रोवेव्ह ओव्हनजवळ डबी ठेवू नका. तोही याच लहरींच्या आसपास चालतो.

• विजेचा खर्च किरकोळ असतो. पाच ते दहा वॉटची डबी दिवसरात्र चालली तरी महिन्याला चार ते सात युनिट.

दिवाळीनंतर लेकीचं अंथरूण परत आजीच्या खोलीत आलं. ती तास बघते तेव्हा कानात गोळे घालते आणि सासूबाई शांत झोपतात. परीक्षेच्या आधी तर पहाटे आजीच तिला उठवायची. वेल्ह्याच्या बाजूला दिलेल्या आमच्या नणंदबाईही आता एस.टी.नं शेताच्या रस्त्याला उतरल्या, की रेंजमध्ये थांबून आईचं तोंड फोनवर बघतात.

मात्र सासूबाईंना विचाराल तर त्या डबीचा गुण निराळाच सांगतात. “नेटबिट मला कळत नाही, पण तिचा तो हिरवा दिवा रात्री दारातून दिसतो. उंबरा कुठे आहे ते कळतं.”