अलाओत्राची टिबुकली

आपल्याकडच्या तलावावर टिबुकली ओळखणं तसं सोपं. आटोपशीर गोल अंग, विणीच्या दिवसांत तांबूस होणारी मान, चोचीच्या मुळाशी पिवळसर ठिपका. बुडी मारली की भलतीकडेच वर येणार. मादागास्करच्या अलाओत्रा सरोवरावर मात्र हीच टिबुकली तिच्या एका भावंडाची ओळख पुसायला कारणीभूत ठरली.

ते भावंड म्हणजे अलाओत्राची टिबुकली. १९३२ साली जाँ देलाकूरनं तिचं शास्त्रीय वर्णन केलं. डोळे फिकट पिवळे, पंख इतके आखूड की दूरवर उडत जाणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तिचं सगळं जग म्हणजे ते उथळ सरोवर, आसपासची तळी आणि भोवतीची लव्हाळी. पुढच्या दशकांत लव्हाळी तोडून भातखाचरं झाली, सरोवरात बाहेरचे मासे आणून सोडले गेले. त्यातल्या चिलापीनं पाणवनस्पतींचा फडशा पाडला. मग आली तंगुसाची जाळी. पाण्याखाली मासा पकडायला गेलेला पक्षी त्यात अडकला की बुडूनच मरायचा.

संख्या घटली तशी जोडीदारांची वानवा झाली आणि ती आपल्या ओळखीच्या टिबुकलीशी जुगू लागली. हा संकर दोषी ठरवला जातो, पण मला तो शेवटचा घाव वाटतो. मुळावर घाव आधीच पडले होते. शोधणाऱ्यांची मात्र त्यानं पंचाईत केली. समोरचा पक्षी अस्सल की संकरित, हे दुर्बिणीतून ठरवायचं कसं? १९८२ मध्ये बारा पक्षी दिसले. १९८५ मध्ये दिसलेल्या दोघांत तिची काहीच लक्षणं होती. जिवंत पक्ष्याचं एकच छायाचित्र मागे उरलं आहे. नंतरच्या पाहण्यांत, अगदी २००९ पर्यंत, ती सापडली नाही. २०१० मध्ये ती नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

याच सरोवरातलं बुडी मारणारं मादागास्कर पोचार्ड हे बदकही १९९१ नंतर दिसेनासं झालं होतं. ते २००६ मध्ये उत्तरेकडच्या एका दुर्गम तळ्यावर सापडलं. त्याची अंडी आणून पिल्लं वाढवली गेली आणि २०१८ मध्ये एकवीस बदकं सोफिया सरोवरात सोडण्यात आली. टिबुकलीला असं दूरचं तळं मिळालं नाही, आणि तिची पिल्लं वाढवण्याचा प्रयत्न कुणी केला नाही.