ढोरांच्या दवाखान्यातली मनी

वऱ्हाडात दवाखाने दोनच. एक माणसांचा आणि दुसरा ढोरांचा. पाटीवर 'जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय' असे भारदस्त नाव असले, तरी अमरावतीत काय किंवा अकोल्यात काय, जुन्या माणसांच्या तोंडी 'ढोरांचा दवाखाना' हेच नाव आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. कापूस, जवारी आणि तुरीच्या या मुलखात बैल हा घराचा कणा होता आणि पूर्णाथडी म्हैस ही घरची लक्ष्मी. दवाखाना त्यांच्यासाठीच उभा राहिला. लोखंडी नळ्यांचा खोडा, त्यात उभा केलेला बैल, मागेपुढे सरकवलेले दांडे, दावे आवळून धरणारे दोन गडी आणि मग डॉक्टरांची सुई. चार-पाचशे किलोचे जनावर असे धरले म्हणजे जागेवर थांबते.

या हिशेबात मांजर कुठेच नव्हते. कवेलूच्या घरात, धान्याच्या पोत्यांमागे उंदीर माजले की ते आपसूक यायचे. आजारी पडले तर माळ्यावर जाऊन बसायचे. बरे झाले तर खाली उतरायचे आणि नाही उतरले, तर चार दिवसांनी पोरे म्हणायची, 'मनी दिसत नाही गड्या!' मांजराला डॉक्टरकडे नेण्याची गोष्ट कोणी काढली असती, तर अख्खा मोहल्ला हसला असता.

आता तो काळ राहिला नाही. अमरावतीचे साईनगर, रुक्मिणीनगर असो की अकोल्याची जठारपेठ, गोठे गेले आणि फ्लॅट आले. बैल दाराशी उरला नाही, पण मांजर सोफ्यावर येऊन बसले. कुणाकडे गल्लीतून उचलून आणलेले पिलू असते, तर कुणाकडे विकत घेतलेले केसाळ, चपट्या नाकाचे पर्शियन. घरातली लेकरे त्याला भावंड मानतात. मग एक दिवस लसीची तारीख येते, नाही तर ते खायचे सोडते, आणि त्या भावंडाला दवाखान्यात न्यावे लागते.

पुढचे दृश्य मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. टोपली दिसताच मनी दिवाणाखाली. तिला ओढून काढताना बाबांच्या हातावर लाल रेघा. रिक्षात सगळा रस्ताभर आकांत. आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्याबरोबर शेपटीचा फुलोरा, कान मागे, तोंडातून फूत्कार आणि विजेसारखा पंजा! आई ओशाळून म्हणते, "डाक्टरसाहेब, घरी तं लय गरीब आहे हो ही!" डॉक्टर हातमोजे चढवत नुसते हसतात. हे वाक्य त्यांनी फार वेळा ऐकलेले असते.

गंमत अशी, की आईचे ते वाक्य अगदी खरे असते.

रागाच्या आत भीती

मांजर हे शिकारी खरे, पण लहान चणीचे. कुत्र्याच्या, मोठ्या प्राण्याच्या तावडीत ते स्वतःच सापडू शकते. त्यामुळे संकट आले की आधी पळायचे, पळता आले नाही तर लपायचे आणि दोन्ही वाटा बंद झाल्या तरच पंजा उगारायचा, हा त्याचा जन्मजात क्रम आहे. आपण त्याला टोपलीत कोंबतो तेव्हा पळण्याची वाट बंद होते. टेबलावर उघड्यावर ठेवतो तेव्हा लपण्याची. उरतो तो पंजा.

त्यात दवाखाना म्हणजे वासांचा आणि आवाजांचा बाजार. फिनेल, स्पिरिट, आधी येऊन गेलेल्या कुत्र्याची लघवी, शेजारी हंबरणारे वासरू. आपल्याला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराला ६० हजारांच्याही पुढचा ऐकू येतो. आपल्याला जी खोली शांत वाटते, ती त्याला शांत असतेच असे नाही. अशा वेळी त्याच्यावर ओरडणे किंवा चापट मारणे म्हणजे त्याची भीती खरीच होती, अशी त्याची खात्री पटवून देणे.

बैलाची रीत येथे उलटी पडते. बैलाला आवळले तर तो थांबतो. मांजराला जितके आवळावे तितके ते पेटते. मानेची कातडी धरून मांजर उचलण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. 'त्याची आई नाही का तशीच नेत?' असे वर सांगितले जाते. पण आई नेते ती काही आठवड्यांच्या, ओंजळीएवढ्या पिलाला. मोठ्या मांजराला असे लोंबकळवले, तर त्याला दुखते आणि ते धास्तावते. मांजरांच्या डॉक्टरांच्या अमेरिकन व आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून २०११ साली मांजर हाताळण्याविषयी एक मार्गदर्शिका काढली आणि २०२२ साली तिची नवी आवृत्ती आणली. तिचा सूर हाच आहे : कमीत कमी धरा, मानेला धरून उचलू नका आणि भीती वाढत गेली, तर थांबा.

एक चुकलेली फेरी

एवढा ऊहापोह एका मांजराच्या नखऱ्यांसाठी कशाला, असे कोणी म्हणेल. पण खरे नुकसान टेबलावर होतच नाही, ते घरी परतल्यावर होते. हातावर ओरखडे, मान खाली, रिक्षाचे पैसे वेगळे. घरात ठराव होतो, 'पुन्हा म्हणून न्यायची नाही!' आणि ती खरोखरच पुन्हा नेली जात नाही.

मग रेबीजची लस चुकते. पिलाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर ही लस देतात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी ती पुन्हा द्यावी लागते. रेबीज कुत्र्यापासून होतो हे आपल्याला पक्के ठाऊक असते, मांजरापासूनही होतो याचा मात्र विसर पडतो. गच्चीवरून चार घरे फिरून येणारे मांजर रात्री लेकराच्या पांघरुणात शिरते, हे येथे ध्यानात घ्यायला हवे.

दुसरे म्हणजे मांजर दुखणे लपवते. बोका वारंवार लघवीला बसतो, कण्हतो आणि थेंबही येत नाही, हे 'पोट साफ नसल्याचे' लक्षण समजून दोन दिवस काढले, तर मूत्रमार्ग तुंबून तो जिवाला मुकू शकतो. मांजराने दोन-तीन दिवस अन्नच घेतले नाही, तर त्याच्या यकृतावर चरबी चढते, आणि मांजर गुबगुबीत असेल तर हा धोका अधिक. अशा वेळी 'नेऊ की नको' यात गेलेला एकेक तास महागात पडतो.

तिसरा धोका घरगुती औषधांचा. दवाखाना टाळायचा म्हणून ताप आला असे समजून पॅरासिटामॉलची गोळी दिली जाते. ते औषध पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते, त्यामुळे एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. तीच गत गोचिडांच्या औषधाची. बैलांच्या, कुत्र्यांच्या अंगाला लावायची सायपरमेथ्रिन, परमेथ्रिनसारखी औषधे मांजराला विषासमान आहेत. ते अंग चाटते आणि विष पोटात जाते. शेतीच्या घरात ही बाटली हाताशीच असते, म्हणून हे मुद्दाम सांगायचे.

पोते नको, टोपली हवी

आपल्याकडे मांजर पोत्यात घालायची वेळ एकच असते, ती नकोसे झालेले मांजर नदीपलीकडे सोडून येण्याची. तेच पोते दवाखान्यासाठी वापरायचे आणि मांजराने गुपचूप बसावे अशी अपेक्षा करायची, हा अन्याय आहे. पोत्यात त्याला दिसत नाही, नीट श्वास घेता येत नाही आणि बाहेर काढायचे तर ओतावेच लागते.

वरचे झाकण पूर्ण निघेल अशी प्लॅस्टिकची टोपली सर्वांत चांगली. ती परवडत नसेल, तर भाजी-संत्र्यांचे दोन कॅरेट एकमेकांवर पालथे घालून दोरीने चारही बाजूंनी घट्ट बांधले तरी काम भागते. खाली मांजराचीच रोजची गोधडी अंथरायची, वरून जुने सुती लुगडे टाकायचे आणि एक बाजू हवेसाठी उघडी ठेवायची.

मात्र टोपली तारखेच्या दिवशीच माळ्यावरून काढली, तर सगळे मुसळ केरात! ती दोन-तीन आठवडे आधी घराच्या कोपऱ्यात उघडी ठेवायची. तिच्यात खाणे ठेवायचे. मांजर आपणहून आत झोपू लागले, की घटकाभर झाकण लावायचे आणि लगेच काढायचे. मग टोपली उचलून अंगणात एक फेरी आणि पुढे रिक्षातून चौकापर्यंत. प्रत्येक फेरीनंतर आवडीचा घास. याच दिवसांत रोज मिनिटभर कान बघणे, पंजा दाबून नख बाहेर काढणे, ओठ वर करून दात पाहणे, अशी सवय लावायची आणि बोटभर साय चाटवायची. पिलू असेल तर फारच उत्तम. दोन ते सात आठवड्यांच्या वयात ज्या हातांची आणि आवाजांची ओळख होते, त्यांची भीती पुढे कमी वाटते.

त्या दिवशी

वऱ्हाडचा उन्हाळा माणसाला सोसवत नाही, तिथे मांजराची काय कथा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा सकाळी लवकर निघावे, बंद गाडीत मांजराला क्षणभरही ठेवू नये. चपट्या नाकाच्या पर्शियनला तर उकाड्यात श्वासच पुरत नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, की ती धोक्याची खूण समजावी. दुचाकीवर, मांडीवर धरून नेण्याचे धाडस करू नये. एक कर्णा वाजला आणि ते निसटले, की चौकात शोधत बसावे लागते.

डॉक्टरांना आधी फोन करून गर्दी नसलेली वेळ मागावी आणि 'आमचे मांजर घाबरते, चावतेही' हे स्पष्ट सांगावे. यात लाज कसली? नंबर येईपर्यंत टोपली जमिनीवर न ठेवता बाकावर, कुत्र्यांकडे पाठ करून ठेवावी. सोबत घरातले शांत स्वभावाचे एकच माणूस पुरे. आत गेल्यावर टोपली उपडी करू नये. झाकण काढून मांजराला खालच्या अर्ध्या भागातच बसू द्यावे आणि जमेल तेवढी तपासणी तिथेच करण्याची विनंती डॉक्टरांना करावी. अंगावर सैलसर टॉवेल टाकला, की लपल्याचे समाधान मिळते.

एवढे करूनही न जमणारी मांजरे असतात. त्यांच्यासाठी औषधांचा मार्ग आहे. माणसांच्या नसांच्या दुखण्यावरचे गॅबापेन्टिन डॉक्टर वजनानुसार मोजून निघण्याच्या दोन-तीन तास आधी द्यायला सांगू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर नोव्हेंबर २०२३ मध्ये खास मांजरांच्या प्रवासाच्या आणि दवाखान्याच्या भीतीसाठी प्रीगॅबालिनला मान्यता दिली. स्वतःच्या मनाने मात्र यातले काहीही देऊ नये. गुंगीचे इंजेक्शन देऊन तपासणी करायची वेळ आली, तरी त्यात हार नाही. चार जणांनी दाबून धरण्यापेक्षा ते मांजराला सोपे जाते. शिवाय भेदरलेल्या मांजराच्या रक्तातली साखर इतकी चढते, की नसलेल्या मधुमेहाचा संशय यावा. म्हणजे शांत मांजराचा तपासही अधिक खरा निघतो.

कधी दुखणे गुंतागुंतीचे असते आणि अमरावतीहून अकोल्याला जावे लागते. तिथली स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था पूर्वी १९६९ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली होती. नागपूरचे पशुविज्ञान विद्यापीठ २००० साली सुरू झाल्यावर ती त्याच्याकडे आली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. जून २०२२ मध्ये याच मार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचे एकपदरी डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून विश्वविक्रम झाला. विक्रमाचे मांजराला कौतुक नाही, पण गचके कमी बसतात हे खरे. अशा प्रवासाआधी पोटभर खाऊ घालू नये, म्हणजे ओकारी टळते. आणि घरी दुसरे मांजर असेल, तर परतल्यावर दोघांना काही तास वेगळे ठेवावे. दवाखान्याचा वास अंगाला असतो तोवर सख्खी भावंडेही ओळख विसरून भांडतात.

चावलेच तर

मांजराने चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद यांपैकी काही लावू नये. मग त्याच दिवशी अमरावतीचे इर्विन, अकोल्याचे सर्वोपचार किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता बाळगू नये. लस दंडात दिली जाते आणि मात्राही थोड्या असतात. मांजरावर दहा दिवस नजर ठेवायची, पण लस सुरू करण्यासाठी ते दहा दिवस संपण्याची वाट पाहायची नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. लस घ्यायची ती त्याआधीच.

बैलाने आपल्या घरासाठी नांगर ओढला, म्हणून त्याच्यासाठी खोडा आणि दवाखाना उभा राहिला. मांजर आपल्यासाठी काहीच ओढत नाही. ते फक्त विश्वासाने येऊन मांडीवर झोपते. त्या विश्वासाची परीक्षा वर्षातून एक-दोनदा डॉक्टरांच्या टेबलावर होते आणि तिचा अभ्यास मांजराने नव्हे, आपण करायचा असतो.

आज रविवार आहे. मांजराला कुठे न्यायचे नाही, कसली तारीख नाही. टोपली माळ्यावरून खाली काढायला याहून चांगला दिवस कोणता?