आळिंबी पांढरीशुभ्र, पण काडाचे काय?

आळिंबी म्हणजे मशरूम ही मुळात बुरशीच. मग तिच्या शेतीत बुरशीनाशक कशाला, असे कुणालाही वाटेल. पण धिंगरी आळिंबी भाताच्या पेंढ्यावर किंवा गव्हाच्या काडावर वाढते. ते आधी निर्जंतुक केले नाही तर हिरवी बुरशी माजते आणि बेड वाया जातात. त्यासाठी अनेक उत्पादक १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिलिलिटर फॉर्मॅलिन मिसळून त्यात काड १६ ते १८ तास भिजवतात.

प्राण्यांवरील प्रयोगांत कार्बेन्डाझिमचा प्रजननक्षमतेवर दुष्परिणाम दिसला आहे. युरोपीय संघातील त्याची मान्यता २०१४ मध्ये संपली. फॉर्मॅलिनच्या वाफांनी डोळे आणि घसा चुरचुरतो. त्याचा पहिला फटका काड भिजवणाऱ्या मजुरांना बसतो.

हेच काम गरम पाण्याने होते. भिजवलेले काड ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की पुरते. इंधनाचा खर्च मात्र वाढतो. माश्या रोखायला खिडक्यांना बारीक जाळी आणि पिवळे चिकट सापळे लावता येतात. हंगामात आळिंबी रोजच्या रोज काढावी लागते. त्यामुळे फवारणीनंतर थांबायला दिवसच उरत नाहीत.

आळिंबी खाणे सोडायचे कारण नाही. धुतल्याने वरची माती जाते, आत शोषलेले औषध जात नाही. म्हणून ओळखीच्या उत्पादकाकडून घेताना एवढेच विचारा: काड औषधात भिजवले की गरम पाण्यात?