थोडक्यात वाचलो, पुढे काय?

मागच्या भागात परमिटची पद्धत पाहिली. फीडर बंद, कागदावर सही आणि मगच खांबाला हात. आज परमिट हातात असतानाही काय घडू शकतं, ते पाहू. पुढचा प्रसंग कल्पनेतला आहे, पण लाइनवर काम करणाऱ्याला तो मुळीच नवा वाटणार नाही.

आषाढातला पाऊस. कर्जतजवळ अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर फांदी पडली आहे. उपकेंद्रातून फीडर बंद केलाय, एबी स्विचही उघडलाय. लाइनमन चढण्याआधी अर्थिंग रॉड तारेला लावतो आणि लख्खकन ठिणगी उडते. लाइन मेलेली नव्हतीच! वीज गेल्यावर जवळच्या फार्महाउसने जनरेटर चालू केला होता आणि तिथे जनरेटर आणि बाहेरची लाइन एकमेकांना जोडू न देणारा चेंजओव्हर स्विच बसवलेलाच नव्हता. वीज उलटी डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरली. अकरा हजारांचे चारशे करणारा ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूने चारशेचे अकरा हजारही करतो. तोडलेल्या तुकड्यावर दुसरा भार फारसा नसला, तर जनरेटर तग धरतो आणि तार जिवंत राहते. रॉड आधी लावला, म्हणून माणूस वाचला. खालचे म्हणतात, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. फांदी निघते, गाडी पुढच्या तक्रारीकडे वळते.

मला खटकतं ते इथे. ते फार्महाउस तसंच राहिलं. शिवाय खालापूर तालुक्यात, चौकच्या बाजूलाही फार्महाउसं आहेत, जनरेटर आहेत आणि तिथला लाइनमन यातलं काहीही न ऐकता उद्या खांबावर चढणार आहे.

अशा न सांगितलेल्या गोष्टीची किंमत विमान वाहतुकीने फार मोठी मोजली. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं विमान डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली. त्याआधी सहाच आठवडे दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून थोडक्यात बचावलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. शेजारच्या कंपनीपर्यंत ती गोष्ट पोचलीच नाही. पुढे १९७६ मध्ये अशा प्रसंगांची नोंद घेणारी व्यवस्था उभी राहिली, आणि ती सांभाळायला दिली ‘नासा’कडे. परवाना रद्द करणाऱ्या खात्याकडे नाही. सांगणाऱ्याचं नाव काढून टाकलं जातं आणि धडा सगळ्यांपर्यंत जातो.

आपल्या कायद्यात याचं बीज आहे. विद्युत अधिनियम २००३ चं कलम १६१ वाचा. जीव गेला किंवा इजा झाली तर कळवाच, पण ज्या अपघातात तसं होण्याचा संभव होता, तोही कळवायचा आहे. २००५ च्या नियमांनुसार प्राणांतिक अपघाताची खबर २४ तासांत द्यायची आणि कोणत्याही अपघाताचा लेखी अहवाल ४८ तासांत. कागद जातो विद्युत निरीक्षकाकडे. पण चौकशी करणारा आणि ठपका ठेवणारा तोच असेल, तर वाचलेला माणूस आपणहून तोंड कशाला उघडेल? कंत्राटी कामगार तर नाहीच उघडणार. ‘हातमोजे का घातले नव्हते?’ हा पहिला प्रश्न येईल आणि दुसऱ्या दिवशी कामावर बोलावणं येणार नाही, ही भीती त्याला असते. ती खोटी आहे असं मला म्हणवत नाही.

म्हणून थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांच्या नोंदी ठपका ठेवणाऱ्याच्या हाती नकोत. मग कुणाच्या हाती? विजेच्या बाबतीत आपला कर्जत-खालापूरचा भाग जुनाजाणता आहे. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. आता महापारेषणच्या उच्चदाब वाहिन्या आहेत, महावितरणचे फीडर आहेत, खोपोली परिसरातल्या कारखान्यांचे स्वतःचे विद्युत विभाग आहेत. तार कुणाचीही असो, झटका सारखाच बसतो. कर्जतमध्ये अभियांत्रिकी शिक्षणाची सोय आहे. एखाद्या महाविद्यालयाच्या विद्युत शाखेने अशा प्रसंगांच्या चिठ्ठ्या गोळा कराव्यात, असं मला मनापासून वाटतं. चिठ्ठीत नाव नको. काय काम चालू होतं, काय गृहीत धरलं होतं, कशामुळे जीव वाचला, एवढंच हवं, आणि तेही मराठीत, बोलतो तसं. फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला तरी चालेल. महिन्याकाठी त्यातल्या दोन-तीन गोष्टी दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक सेक्शनला, सकाळी गाडी निघण्याआधी वाचून दाखवायच्या. जनरेटरची गोष्ट पहिल्याच महिन्यात वाचली जावी, म्हणजे पावसाआधी चेंजओव्हर स्विच तपासून होतील.

(पुढच्या आठवड्यात : अर्थिंग रॉड कसा लावावा, आणि आधी कुठलं टोक)