ॲल्युमिनियमच्या टिग वेल्डिंगला कोणता टंगस्टन वापरायचा? आधी प्रश्न नीट विचारू

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना वाटतं, वेल्डिंग हे वेल्डरचं काम, आपला काय संबंध? पण प्रयोगासाठी ॲल्युमिनियमची चौकट, व्हॅक्यूमची पेटी किंवा चाचणीचे नमुने करून घ्यायची वेळ आली की संबंध येतोच. सांध्यात टंगस्टनचा बारीक कण अडकला, तर नमुना तिथूनच तडकतो. मग तुम्ही मिश्रधातूची ताकद मोजताय की त्या कणाची करामत, हे कळायला मार्ग उरत नाही.

आपल्या जुन्नर-आंबेगावात काय चित्र आहे ते बघा. मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात दुधाचा धंदा मोठा. त्यामुळे फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये 'आर्गन वेल्डिंग' म्हणजे बहुतेक वेळा स्टेनलेसच्या टाक्या आणि पाइप. त्यासाठी मशीन डीसीवर आणि टॉर्चमध्ये लाल टोकाचा टंगस्टन, म्हणजे २ टक्के थोरियमवाला. स्टेनलेसवर तो उत्तम चालतो. त्याच टॉर्चने ॲल्युमिनियम करायला गेलं की गणित बदलतं. का, ते समजून घेऊ.

अडचण थराची आहे

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं. पण त्याच्यावर हवेमुळे जो ऑक्साइडचा थर बसतो, तो वितळायला २००० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची साय तशीच. ही साय फोडायची तर टंगस्टन धन आणि जॉब ऋण ठेवावा लागतो. त्या दिशेने आर्क थर उडवून लावतो. पण तेव्हा जास्त उष्णता टंगस्टनवरच येते. किती फरक पडतो? २.४ मिलिमीटरचा टंगस्टन ऋण बाजूला साधारण १५० ते २५० अँपिअर सोसतो, धन बाजूला जेमतेम १५ ते ३०.

म्हणून तोडगा एसीचा. अर्ध्या आवर्तनात सफाई, अर्ध्यात वितळवणं. नव्या इन्व्हर्टर मशीनवर हा वाटा बदलता येतो. धन बाजूचा वाटा वाढवला की सफाई वाढते आणि टंगस्टनचं टोक जास्त तापतं. तेव्हा एसीवर टिकेल असा टंगस्टन निवडायचा, हे पहिलं सूत्र.

मिसळलेलं ऑक्साइड काय करतं?

टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतो, म्हणून तो घेतात. पण आर्क चालू राहायला गरम टोकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडावे लागतात. त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेला वर्क फंक्शन म्हणतात. शुद्ध टंगस्टनचं साधारण ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. थोरियम, लँथेनम, सेरियमची ऑक्साइडं मिसळली की ते तीनच्या आसपास किंवा त्याखाली येतं.

हा आकडा छोटा वाटतो ना? पण उत्सर्जन घातांकी असतं. बाकी सगळं तेच धरून ३००० केल्विनला वर्क फंक्शन १ इलेक्ट्रॉन-व्होल्टने उतरवलं, तर प्रवाह सुमारे ४८ पट होतो. कागदावर स्वतः करून बघा, दोन ओळींचं गणित आहे. अर्थ असा की तेवढाच आर्क कमी तापलेल्या टोकातून मिळतो. टोक टिकतं, आर्क पटकन पेटतो.

आता रंग वाचू

हिरवा म्हणजे शुद्ध टंगस्टन. एसीवर टोकाला स्वच्छ गोळी धरतो. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर चालतो. पण करंट कमीच सोसतो आणि इन्व्हर्टरवर मागे पडतो.

पांढरा, झिर्कोनियमवाला. एसीवर गोळी घट्ट धरतो, टंगस्टन सांध्यात सहसा गळत नाही. जाड ॲल्युमिनियमला चांगला.

राखाडी, सेरियमवाला. कमी करंटवर छान पेटतो. पातळ पत्र्याला सोयीचा, जास्त करंटला नको.

सोनेरी आणि निळा, अनुक्रमे दीड आणि २ टक्के लँथेनमवाला. एसी-डीसी दोन्हीवर चालतो. इन्व्हर्टर मशीन असेल आणि एकच प्रकार ठेवायचा असेल, तर हाच घ्या.

लाल, थोरियमवाला. डीसीवर दमदार, पण एसीवर टोक नीट गोळी धरत नाही, वेडंवाकडं होतं. शिवाय थोरियम किरणोत्सारी आहे. रॉड हातात धरण्यात फारसा धोका नाही. धोका आहे तो ग्राइंडरवर टोक काढताना उडणारी धूळ श्वासातून आत जाण्यात. बंद खोलीत, मास्कशिवाय रोज घासणाऱ्या माणसाला ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. तुम्ही काम द्यायला जाल तेव्हा नक्की सांगा.

जाडी करंटवरून ठरते. समतोल एसीवर मिश्र टंगस्टनसाठी अंदाज असा: १.६ मिलिमीटरला ६० ते १२० अँपिअर, २.४ ला १०० ते १८०, ३.२ ला १६० ते २५०. टोक लांबीच्या दिशेने घासा, आडवं नाही. इन्व्हर्टरवर थोडं निमुळतं करून शेंडा किंचित बोथट ठेवा. ग्राइंडरचं चाक टंगस्टनसाठी वेगळं ठेवा.

'सर्वांत चांगला' म्हणजे काय?

खोडदचा जीएमआरटी तुम्ही पाहिला असेल. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आणि त्यांचा पृष्ठभाग सलग पत्र्याचा नाही, स्टेनलेस तारेच्या जाळीचा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सर्वांत चांगला पृष्ठभाग कोणता' असं विचारलं नाही. 'मीटरभर लांबीच्या तरंगांना किती पुरेसा' असं विचारलं. तरंगाच्या मानाने भोकं लहान असली की पुरे. वारा आरपार जातो, वजन घटतं, खर्च आवाक्यात येतो.

टंगस्टनचंही तसंच. 'कोणता चांगला' हा संशोधनाचा प्रश्न नाही. '१२० अँपिअर एसीवर, धन वाटा ३० टक्के असताना, ठरावीक वेळानंतर कोणत्या टोकाचं वजन कमी घटतं' हा आहे. यात काय बदलायचं, काय स्थिर ठेवायचं, काय मोजायचं, सगळं आलं. प्रत्येक प्रकाराचे पाच-सहा रॉड घ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, शक्य तर एकाच वेल्डरकडून करून घ्या. सांध्याचा एक्स-रे काढला तर टंगस्टनचे कण पांढरे ठिपके म्हणून दिसतात, कारण ॲल्युमिनियमच्या मानाने तो फार जड.

प्रबंधात नुसतं 'नमुने टिग पद्धतीने जोडले' असं लिहू नका. टंगस्टनचा प्रकार, व्यास, टोकाचा आकार, करंट, धन वाटा, आर्गनचा प्रवाह, फिलर, हे सगळं लिहा. दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाला तोच सांधा करायचा असेल, तर त्याच्या हातात तुमचं एवढंच पान असणार आहे.