पितळेला चिंच लावू नका

जुना पितळी थिओडोलाइट, म्हणजे जमीनमोजणीत कोन मोजायचं यंत्र, हाती लागला, तर चिंच-मीठ लांबच ठेवा. घासून लखलखाट येईल. पण मूळ लाखेचा थर आणि वर्तुळावर कोरलेल्या अंशांच्या केसाएवढ्या रेषा झिजतील. जाणत्या संग्राहकाला तर हा थर आणि या रेषाच शाबूत हव्या असतात. ही काही देवघरातली समई नव्हे!

मराठवाड्याला हे यंत्र परकं नाही. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टननं १८०२ साली मद्रासहून आरंभलेल्या जमीनमोजणीची उत्तरेकडे जाणारी त्रिकोणांची मुख्य साखळी आजच्या नांदेड जिल्ह्यातून जाते. त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला, यंत्र आदळलं, वर्तुळ वाकलं. दुसऱ्यानं भंगारात काढलं असतं. लॅम्ब्टननं तंबूत कित्येक आठवडे ठोकूनठाकून ते सरळ केलं आणि पुन्हा मोजणीला जुंपलं.