मे महिन्यात सुरक्षित ठरलेला पूल ऑगस्टमध्ये कसा पडतो?

तारीख २ ऑगस्ट २०१६. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ रात्री धो-धो पाऊस सुरू होता आणि सावित्री नदीला पूर आला होता. अंधारात जुना दगडी पूल वाहून गेला, पण मागून येणाऱ्या गाड्यांना ते कळलंच नाही. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बस आणि काही खासगी वाहनं थेट नदीत गेली. सुमारे ४० जणांचा जीव गेला.

पूल १९२८ सालचा, इंग्रजांच्या काळातला होता. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि तेव्हा धोका आढळला नव्हता, असं सरकारकडून सांगण्यात आलं. मग तीन महिन्यांत असं काय झालं?

दुर्घटनेनंतर पुराचा प्रचंड जोर हे कारण सांगितलं गेलं. पण पूर पूल पाडतो म्हणजे नेमकं काय करतो?

पुलाचा शत्रू खाली असतो

पूल पडला की आधी चर्चा होते ती सिमेंट, गंजलेल्या सळ्या आणि ओव्हरलोड ट्रकची. ही कारणं खरीच आहेत. पण जगभरात नदीवरचे पूल पडण्यामागचं एक मोठं कारण पाण्याखाली असतं. पायाजवळची माती आणि वाळू वाहून जाते. इंजिनिअर याला ‘स्काउर’ म्हणतात.

समुद्राच्या लाटेत उभं राहिल्यावर पायाखालची वाळू सरकते, तसाच हा प्रकार. पुराचं पाणी खांबावर आदळतं, खाली वळतं आणि खांबाभोवती भोवरा तयार होतो. हा भोवरा तळाची वाळू उपसत जातो. खड्डा पायाच्याही खाली गेला की खांब कलतो. जुन्या कमानीच्या पुलात तर कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात. एक खांब गेला की शेजारच्या कमानीही कोसळू शकतात.

खरी गोम पुढे आहे. पूर ओसरला की हाच खड्डा गाळाने भरतो. त्यामुळे उन्हाळ्यात पाहणी केली तर तळ सपाट दिसतो, पण तो गाळ भुसभुशीत असतो. पुढच्या पुरात तो सगळ्यात आधी वाहून जातो. म्हणून फक्त वरून पाहून पूल ‘ओके’ ठरवणं धोक्याचं आहे.

त्यात पुलाजवळ वाळूउपसा झाला तर पात्र खोल जातं आणि पाया उघडा पडतो. वाहून आलेली झाडं खांबांना अडकली तर पाण्याचा रेटा आणखी वाढतो.

अमेरिकेने काय धडा घेतला?

५ एप्रिल १९८७ रोजी न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी क्रीकवरचा महामार्गाचा पूल पुरात पडला. १० जण गेले. पायाभोवतीचा संरक्षक दगडांचा थर वाहून गेला होता आणि तो नीट भरला गेला नव्हता. त्यानंतर तिथे अशा पुलांची पाण्याखाली ठरावीक काळाने तपासणी सक्तीची झाली.

मग उपाय काय?

पाणबुडे किंवा सोनार वापरून पायाची तपासणी करायची, तीही मोठ्या पुरानंतर लगेच. पायाभोवती दगडी पिचिंग टिकवायचं. पुलाजवळचा वाळूउपसा बंद ठेवायचा. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खांबावर धोक्याची पातळी रंगवायची आणि पाणी तिथे पोहोचलं की वाहतूक थांबवायची. जुन्या पुलावर काही तास वाहतूक बंद राहिली तर गैरसोय होते, पण लोक वाचतात.

तुम्ही काय पाहू शकता?

कठड्याची सरळ रेष मध्येच वाकलेली दिसली, जॉइंटमधली फट अचानक वाढली किंवा रस्ता एका बाजूला खचला, तर पुलावर जाऊ नका. मागच्या गाड्या थांबवा आणि ११२ वर कळवा. सावित्रीच्या काठीही पूल गेल्याचं एका गॅरेजवाल्याच्या लक्षात आलं आणि त्याने धावत जाऊन पुढच्या गाड्या अडवल्या.

महाडचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये सुरू झाला. म्हणजे ठरवलं तर काम वेगाने होतं. तोच वेग जुन्या पुलांच्या पायाखाली डोकावण्यात दिसायला हवा, आणि तोही पूल पडायच्या आधी.